बूट कॉटन मिल्स म्युझियम, लोवेल: बाबांसोबत साचेखात्यात

बाबा लालबागहून माझ्याकडे बॉस्टनला आलेत. १९८२ च्या गिरणी संपापर्यंत ते साचेखात्यात (साचे म्हणजे यंत्रमाग) होते, म्हणून त्यांना लोवेल या जुन्या गिरणगावातलं हे म्युझियम दाखवायला नेलं.

आत जाताना कानात घालायला बोळे देतात. बाबांनी घेतले नाहीत. खाली ८० हून जास्त साचे ओळीने मांडलेत. चालू असतात मोजकेच, तरी पायाखालची जमीन थरथरते. त्या गोंगाटात बाबा नुसत्या ओठांनी बोलू लागले. मिलमध्ये असंच बोलायचे म्हणे. मी हे पहिल्यांदाच पाहिलं. (साचे विसाव्या शतकातले आहेत, मिल मात्र १८३५ ची.)

वरच्या मजल्यावर घाईने फिरू नका. मेरिमॅक नदीच्या धबधब्याचं पाणी कालव्यांनी वळवून इथल्या गिरण्या चालायच्या. कामाला आसपासच्या राज्यांतल्या शेतकऱ्यांच्या पोरी, राहायला कंपनीच्या खाणावळी. आपल्याकडे बायका गडीमाणसांसाठी खाणावळ चालवत, इथे पोरींसाठी. १८३६ मध्ये खाणावळीचे दर वाढले तेव्हा त्यांनी संप केला. हे ऐकून बाबा खूश!

जाण्याआधी परदेशी मालावरच्या जकातीवरून उत्तर-दक्षिणेत झालेलं भांडण वाचून जा, मग इथलं सगळं वेगळं दिसतं. ज्याच्या नावाचं हे गाव, त्या गिरणीमालक फ्रान्सिस कॅबट लोवेलने खटपट करून १८१६ च्या कायद्यात मेख मारून घेतली: परदेशी सुती कापड कितीही स्वस्त असो, चौरस वाराला किमान २५ सेंट किंमत धरूनच जकात लावायची. मार बसला तो हिंदुस्थानातून येणाऱ्या स्वस्त कापडाला. तेव्हा दक्षिणेतल्या साउथ कॅरोलायनाचा पुढारी कॅल्हूनही या कायद्याच्या बाजूने होता! पण दक्षिणेला कापूस इंग्लंडला विकायचा आणि माल मात्र महाग घ्यायचा, हे अंगावर आल्यावर तोच उलटला. १८२८ मध्ये देशाच्या उपाध्यक्षपदावर असताना त्याने जकातीविरुद्ध निनावी निषेध लिहिला. इकडे मॅसॅच्युसेट्सचा (लोवेल, बॉस्टन याच राज्यात) पुढारी वेब्स्टर १८२४ मध्ये जकातवाढीच्या विरोधात आणि १८२८ मध्ये बाजूने, कारण मधल्या काळात बॉस्टनचा पैसा जहाजांच्या धंद्यातून गिरण्यांत वळला होता. १८३२ मध्ये साउथ कॅरोलायनाने तर हे कायदे आमच्या राज्यात रद्द, असंच जाहीर केलं.

एवढं हाडवैर, पण सूत एकच. कापूस दक्षिणेतल्या गुलामांनी वेचलेला; त्याचं इथे विणलेलं जाडंभरडं कापड परत त्यांच्याच अंगावर. त्या कापडाला तिकडे ‘लोवेल’च म्हणत. हे कळल्यावर साच्यांचा आवाज पूर्वीसारखा ऐकू येत नाही.

इथल्याच साच्यांवर विणलेले टॉवेल दुकानात मिळतात. एक घेतला. बाबांनी गाडीत बसल्यावर तो उलटा करून किनार पाहिली, दोन बोटांत चोळला आणि म्हणाले, “सूत जाडं आहे. पण वीण बरोबर आहे.”

पाचपैकी पाच.