‘मूल नाही तर पैसे परत’: आयव्हीएफच्या पॅकेजमध्ये आमचे ६,६२,९०० रुपये गेले

आधी रक्कम सांगते. आयव्हीएफच्या, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीच्या पॅकेजचे ४,२०,०००. पॅकेजबाहेरची इंजेक्शनं आणि औषधं १,६३,४००. पीआरपी (स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेट्सचा उपचार) दोन वेळा, ३६,०००. इंट्रालिपिडची (शिरेतून देतात ते स्निग्ध द्रव्य) तीन सलाइन, २८,५००. लेझर हॅचिंग (गर्भाचं कवच लेझरनं पातळ करणं) १५,०००. एकूण ६,६२,९०० रुपये. त्यात सासूबाईंच्या पाटल्या आहेत आणि ह्यांनी पीएफमधून काढलेले पैसे आहेत. पावती अन् पावती जपून ठेवलीय, कारण मी लेखा विभागात काम करते. दुसऱ्यांची बिलं तपासणं हे माझं रोजचं काम. त्यामुळेच हे कुणाला सांगायला मला वर्ष लागलं.

लग्नाला नऊ वर्षं, माझं वय ३७, एएमएच, म्हणजे बीजांडांचा साठा दाखवणारी रक्ततपासणी, ०.९, कमीच. ज्यांनी हा आकडा स्वतःच्या रिपोर्टवर पाहिलाय त्यांना पुढचं समजावून सांगायला नको. क्लिनिकनं तीन ट्रान्सफरचं, म्हणजे तीन वेळा गर्भ गर्भाशयात सोडण्याचं पॅकेज दिलं. यश आलं नाही तर ८० टक्के, म्हणजे ३,३६,००० परत. लोक म्हणतात, मुलाची गॅरंटी कुणी देतं का? कुणी देत नाही, हे मलाही माहीत होतं. उलट हे लोक गॅरंटी देत नव्हते, अपयश आलं तर पैसे परत करू म्हणत होते, म्हणून मला ते सरळ वाटले. नोंदणीचं प्रमाणपत्र भिंतीवर होतं, मी ते वाचलंही होतं. अशा उपचारांसाठीचा २०२१ चा एआरटी कायदा २५ जानेवारी २०२२ पासून लागू झालाय आणि नोंदणीशिवाय असं क्लिनिक चालवता येत नाही, एवढी माहिती काढूनच आम्ही गेलो होतो. पण नोंदणी आहे म्हणजे करारपत्र स्वच्छ आहे असं होत नाही, हे मला कुणी सांगितलं नाही.

करारपत्राच्या चौथ्या पानावर ‘यश’ या शब्दाची व्याख्या होती: ‘बीटा एचसीजी २५ पेक्षा जास्त’. गर्भ राहिला की रक्तात वाढणारं हे हॉर्मोन. ती मी वाचली होती. बोट ठेवून विचारलंही. कौन्सेलर म्हणाली, “ताई, बीटा पॉझिटिव्ह आला म्हणजे राहिलंच ना!” मी सही केली. तुमच्या कागदावर यश म्हणजे काय लिहिलंय ते आज, आत्ता उघडून बघा. जिवंत बाळाचा जन्म, निदान सोनोग्राफीत दिसलेले ठोके, यापेक्षा कमी काही लिहिलं असेल तर सही करू नका.

पहिले दोन ट्रान्सफर फुकट गेले. पीआरपी, इंट्रालिपिड, हॅचिंग हे सगळं त्यानंतर सुरू झालं, आणि दरवेळी टेबलावर झोपल्यावर किंवा आदल्या संध्याकाळी विचारायचे. त्या क्षणी कोणती बाई नाही म्हणेल? ब्रिटनची नियामक संस्था एचएफईए अशा जोड उपचारांना पुराव्यानुसार रंग देते आणि बहुतेकांना भक्कम पुराव्याचा हिरवा रंग मिळालेला नाही, हे मी नंतर वाचलं.

आता तो दिवस. तिसऱ्या ट्रान्सफरनंतर नवव्या दिवशी बोलावून घेतलं. “आधाराचं इंजेक्शन आहे, खालून घेऊन या.” मेडिकलमधून मीच घेतलं, ६४० रुपये. छोटा पांढरा खोका, त्यावर ठळक छापलेलं: एचसीजी, ५००० युनिट. तो खोका माझ्या हातात होता. तीन दिवसांनी माझ्या रक्तात जे शोधणार होते, त्याच हॉर्मोनचं नाव त्यावर होतं. दोन वर्षं मी बीटा एचसीजी हा शब्द रोज घोकत होते, आणि लिफ्टमध्ये तो खोका बघत उभी राहिले तरी डोक्यात उजेड पडला नाही. सिस्टरनं टोचलं, मी थँक्यू म्हटलं.

बाराव्या दिवशी बीटा २७.४. अभिनंदन झालं. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली, मी ऑफिसात रजेचा अर्ज लिहून ठेवला. तीन दिवसांनी बाहेरच्या लॅबमध्ये पुन्हा तपासलं तर ४.९. क्लिनिकचं उत्तर तयार होतं: “बायोकेमिकल प्रेग्नन्सी. गर्भ राहिला होता, टिकला नाही. करारानुसार पॅकेज यशस्वी.” ३,३६,००० रुपयांचा विषय त्यांच्यासाठी तिथेच संपला. मी मात्र दोन महिने गेलेल्या बाळासाठी रडत होते.

दुसऱ्या एका डॉक्टरांनी फाइल चाळताना विचारलं, “नवव्या दिवशी हे कशाला दिलं?” मग कळलं. बाहेरून टोचलेलं एचसीजी रक्तातून पूर्ण जायला आठवडा-दहा दिवस सहज लागतात. असं इंजेक्शन देणं चूक नाही, काही डॉक्टर आधार म्हणून देतात. पण मग तपासणी पुढे ढकलायची असते. गर्भ रुजलाच नव्हता असं मी छातीठोकपणे सांगत नाही, पण त्या २७.४ वरून रुजला होता असं त्यांनाही म्हणता येणार नाही. ट्रान्सफरनंतरच्या प्रत्येक इंजेक्शनचं नाव लिहून घ्या, खोक्याचा फोटो काढा, एक बीटा बाहेरच्या लॅबमध्ये करा.

यानंतरचे हेलपाटे तर वेगळेच. पोलीस ठाण्यात सांगितलं, डॉक्टरवर असा गुन्हा घेता येत नाही, आधी वैद्यकीय तज्ज्ञांचा अहवाल आणा. अहो, तो अहवाल निष्काळजीपणाच्या तक्रारीला लागतो! मी फसवणुकीची तक्रार करत होते. तीन वेळा सांगितलं, तिसऱ्यांदा साहेब जेवायला गेले. आरोग्य खात्याच्या कार्यालयात म्हणाले, आम्ही नोंदणी बघतो, पैशांचं आमच्याकडे नाही. एआरटी कायद्यानं यशाची शक्यता, खर्च आणि धोके जोडप्याला समजावून सांगायची जबाबदारी क्लिनिकवर टाकलीय, तक्रार कक्ष ठेवायला लावलाय. कायद्याची प्रत मीच त्यांच्या टेबलावर ठेवली. ती उलटून न बघता आवक विभागाचा शिक्का मारून दिला. बरं, या कायद्याखाली आपण थेट कोर्टात जावं तर तेही नाही. कायद्यानं नेमलेल्या राष्ट्रीय वा राज्य बोर्डानं किंवा त्यांच्या अधिकाऱ्यानं तक्रार केली तरच कोर्ट दखल घेतं. म्हणजे जे टेबलावरचा कागद उलटत नाहीत, त्यांच्याच हातात सगळं! क्लिनिकच्या तक्रार कक्षात कोण भेटलं? तीच कौन्सेलर.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात गेले. दोन वर्षांच्या आत जावं लागतं, माझं एक वर्ष लाजेत गेलं होतं, तुम्ही घालवू नका. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, ५ ते १० लाखांना २०० रुपये. वकील केलाच पाहिजे असं नाही. आणि फाइलची पूर्ण प्रत भांडण व्हायच्या आधी मागून घ्या, नंतर पानं सापडत नाहीत. माझ्या फाइलमधून नवव्या दिवसाचं पान गायब आहे.

६४० रुपयांचं बिल आणि तो खोका मात्र माझ्याकडे आहे, बॅच नंबरासकट. दोन्ही मी तक्रारीला जोडलेत. आतापर्यंत चार तारखा झाल्या, क्लिनिकचे वकील दोनदा आले.