डेक्सामेथासोन की प्रेडनिसोलोन?

कॅन्सरच्या उपचारांत ही दोन्ही स्टिरॉइड वापरतात, पण एकाच्या जागी दुसरे तेवढ्याच मिलिग्रॅममध्ये चालत नाही. ०.७५ मिलिग्रॅम डेक्साचे (डेक्सामेथासोनचे) काम करायला प्रेडनिसोलोन साधारण ५ मिलिग्रॅम लागते. डेक्साचा अंमलही जास्त काळ, दीड-दोन दिवस टिकतो.

मेंदूतल्या गाठीभोवती सूज आली की पहिली पसंती डेक्सालाच. ते शरीरात मीठ-पाणी फारसे साठवत नाही. केमोची उलटी रोखायला आणि पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या औषधाची रिअ‍ॅक्शन टाळायलाही बहुधा तेच देतात.

प्रेडनिसोलोनची खरी जागा लिम्फोमात, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कॅन्सरमध्ये. 'आर-चॉप' या त्यावरच्या औषधांच्या संचाच्या प्रत्येक फेरीत ते ५ दिवस असते, बहुधा रोज १०० मिलिग्रॅम. इथे ते लिम्फोमाच्या पेशी स्वतःच मारते. त्यामुळे 'स्टिरॉइड वाईट' असे ऐकून कुणी घरच्या घरी ही गोळी गाळली, तर केमोचाच एक भाग गळतो, आणि याची मला फार काळजी वाटते. प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये अबिराटेरोन या औषधासोबत मात्र छोटा डोस पुरतो.

लहान मुलांच्या ल्युकेमियात (रक्ताच्या कॅन्सरमध्ये) निवड अवघड होते. डेक्सा मेंदूभोवतीच्या द्रवात अधिक चांगले पोचते, पण जंतुसंसर्ग आणि चिडचिडही वाढवते. हा निर्णय डॉक्टरांवरच सोडावा.

साखर दोन्हींनी वाढते, झोपही उडते. म्हणून शक्यतो सकाळी, खाऊन घ्यावे. मधुमेह असेल तर आधीच सांगा. आणि कित्येक आठवडे चालू असलेली गोळी एकदम बंद करू नका, डॉक्टर ती हळूहळू कमी करतात.