घरघंटी: पाडव्याला आणली, दहा महिने दळली

पाडव्याला घरघंटी, म्हणजे घरी दळायची विजेची छोटी पिठाची गिरणी, घरी आली तेव्हा सासूबाईंनी तिला हळदकुंकू लावलं आणि लगेच विचारलं, "हे धूड ठेवणार कुठे?" प्रश्न रास्त होता. मुलुंडमधलं आमचं घर वन बीएचके, त्यात चार माणसं. शेवटी फ्रिजशेजारी, जिथे वर्षानुवर्षं रद्दी साठायची, तिथे ती बसली. खाली चाकं आहेत, पण वजन चाळीस किलोच्या वर. लादीच्या सांध्यात चाक अडकलं की नवऱ्याला हाक मारावी लागते. आता संक्रांत उलटून गेली, म्हणजे दहा महिने झाले. एवढ्या वापरानंतर बोलायला हरकत नाही.

घेतली ती गव्हासाठी. गिरणीतली रोजची कटकट सगळ्यांना माहीत आहे. डबा ठेवताना "गव्हावर टाका हो, ज्वारीवर नको" म्हणून बजावायचं, काका मान डोलावणार, आणि घरी आल्यावर पोळी करायला घ्यावी तर आदल्या माणसाच्या ज्वारीची कचकच. शिवाय रविवारी सकाळी रांग. माझ्या माहेरी गिरण्या दोन होत्या. आजोबा लालबागला कापडाच्या गिरणीत जायचे आणि आजी पिठाच्या. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, त्यानंतर आजोबांची गिरणी उघडलीच नाही. आजीची चालू राहिली, फक्त दळणाचा डबा लहान झाला. घरात स्वतःची गिरणी आली हे आजीला कळलं असतं तर तिने आधी विजेचं बिल विचारलं असतं.

तर बिलाचं सांगते. मोटर एक हॉर्सपॉवरची, म्हणजे ७४६ वॅट. तासभर चालली तर एका युनिटच्या आसपास जाते आणि तासाला सात-आठ किलो गहू दळून होतात. विजेचा बोजा काहीच नाही. किमतीचा मात्र आहे. मला पीठ जाड-बारीक करायच्या जाळ्यांचा सेट धरून १८,००० रुपये पडले. आमची गिरणी किलोला ८ रुपये घेते आणि आम्हाला महिन्याला १५ किलो गहू लागतात, म्हणजे १२० रुपये. पैसे वसूल व्हायला साडेबारा वर्षं. एक तप आणि वर सहा महिने. "पैसे वाचतात" असं दुकानदार सांगत असेल तर चहा पिऊन घरी यावं.

आता पोळी. पहिल्या दिवशी गरम पोळी सुरेख झाली, सगळ्यांनी कौतुक केलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नवऱ्याने डबा सिंकमध्ये ठेवता ठेवता म्हटलं, "आज पोळी जरा वातड होती." पोळीची खरी परीक्षा तव्यावरून उतरताना नसते, ती दुपारी एक वाजता ऑफिसात डबा उघडल्यावर असते. मी पाणी वाढवून पाहिलं, कणीक अर्धा तास मुरवून पाहिली, जाळी बारीक लावली, लोकवन गव्हाऐवजी सिहोर आणला. फरक पडला, पण गिरणीच्या पिठाची सर आली नाही. कारण नंतर समजलं. गिरणीत दोन दगडांमध्ये गहू रगडला जातो, त्यात पिठातल्या स्टार्चचे कण फुटतात. फुटलेला कण जास्त पाणी पितो, म्हणून कणीक सैल मळता येते आणि पोळी मऊ राहते. घरघंटीत दगड नसतो. आत पाती गरगर फिरतात, दाणा त्यांच्या माराने फुटतो आणि जाळीच्या भोकातून जाईल इतका बारीक झाला की खाली उतरतो. पीठ बारीक होतं, पण रगडलेलं नसतं. जाळ्या बदलून हा फरक जात नाही.

पावसाळ्याने दोन धडे दिले. पहिला छोटा. जुलैत दहा दिवस मशीन वापरलं नाही आणि त्याच्या कापडी पिशवीच्या घडीत राहिलेल्या पिठाला जाळी धरली. झाकण उघडलं तर अळ्या. तेव्हापासून दळून झालं की लगेच ब्रश, मग कोरडं फडकं, आणि पिशवी आठवड्याला धुवायची. दळल्या दळल्या डब्याचं झाकणही लावायचं नाही. पीठ गरम असतं, वाफ धरते आणि गोळे होतात.

दुसरा धडा गणपतीत. उकडीच्या मोदकांसाठी आंबेमोहोर धुतला, रोळीत निथळला आणि जुन्या सुती साडीवर पंख्याखाली पसरला. ऑगस्टच्या हवेत तो दोन दिवस तरी वाळायला हवा होता. मी एका रात्रीत उरकलं. हाताला कोरडा लागत होता, पण दाताखाली दाणा कट्कन तुटायला हवा तो नुसता दबत होता. हे मला दिसलं होतं, कळलं होतं, तरी मी हॉपरमध्ये ओतला. पहिली दोन मिनिटं नेहमीचा घुंईऽऽ आवाज. मग तो आवाज हळूहळू जड झाला, उशीत तोंड खुपसून बोलावं तसा, आणि गरम वायरसारखा वास येऊन मशीन बंद पडलं. दार उघडलं तर जाळीचं एकेक भोक तांदळाच्या लगद्याने बुजलेलं, पात्यांवर पांढरा लेप. दुसऱ्या दिवशी चतुर्थी. रात्री अकरा वाजता मी टूथब्रश आणि टाचणी घेऊन जाळी साफ करत बसले होते, आणि सासूबाई शेजारी बसून नारळ खोवत होत्या. त्या एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. मोदक पाकिटातल्या पिठाचे झाले.

दुरुस्तीचा माणूस यायला अकरा दिवस लागले, रोज "उद्या नक्की". आला, मागचं एक लाल बटण दाबलं, मशीन सुरू झालं, ४०० रुपये घेतले. "ताई, ओलं धान्य टाकलंत." ते बटण कुठे असतं हे विकतानाच दाखवायला काय हरकत होती? घेणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी विचारून ठेवा.

एवढं वाचून वाटेल की मी मशीन विकायला काढलंय. मुळीच नाही. गहू सोडून बाकी सगळ्यासाठी मी आता त्याच्याशिवाय राहू शकत नाही. नंतरच्या एका संकष्टीला तांदूळ पुरते दोन दिवस वाळवले, सर्वांत बारीक जाळी लावली, आणि अशी पिठी आली की मोदकाच्या पाकळ्या न फाटता वर चढल्या. दिवाळीत जाड जाळी लावून हरभऱ्याची डाळ रवाळ काढली. लाडवाला बेसन असं हवं ते गिरणीत चार वेळा सांगूनही मिळत नाही, कधी मैद्यासारखं, कधी भरडा. चकलीची भाजणी दोनच किलो केली, संपली तेव्हा परत केली. फक्त मेतकूट दळल्यावर आतून पुसून घेऊन मूठभर तांदूळ फिरवून टाका. मी नाही फिरवले. दुसऱ्या दिवशी लेकीने घावन तोंडात घातलं आणि विचारलं, "आई, यात हिंग का आहे?" सोयाबीन, शेंगदाणे, तीळ अजिबात नको, तेल सुटून जाळीचा चिखल होतो.

एकट्या बाजरीसाठी तर मशीनचे पैसे वसूल समजते. बाजरीत तेलाचा अंश जास्त, त्यामुळे दळल्यावर आठवडाभरात पीठ कडवट व्हायला लागतं. गिरणीत अर्धा किलो दळण नेलं तर काका तोंड वाकडं करतात. भोगीला सकाळी अर्धा किलो दळली आणि दुपारी तीळ लावून भाकरी थापली. बाजरी मुळात गोड असते हे मला या वयात कळलं.

आणि उपास. सासूबाईंना गव्हाचा कण चालत नाही, त्यामुळे गिरणीतून दळलेलं राजगिऱ्याचं पीठ त्या कधीच खात नसत. नवरात्राआधी मी मशीन आतून धुऊन-पुसून कोरडं केलं, पहिली मूठ वरीची टाकून दिली, मग साबुदाणा, वरी, राजगिरा भाजून दळलं. सासूबाईंनी समोर उभं राहून सगळं पाहिलं आणि मगच थालीपीठ खाल्लं.

आवाजाचं एक राहिलं. मिक्सरसारखा तो कानात घुसत नाही, पण थरथर जमिनीतून खाली जाते. खालच्या काकूंचा पलंग नेमका आमच्या फ्रिजखाली. मे महिन्यात त्या वर आल्या, "अगं, दुपारी जरा पडू देशील का?" चाकांखाली रबराचे तुकडे घातले आणि वेळ ठरवली, अकरा ते एक. नवरात्रात त्याच काकू एक किलो वरी घेऊन आल्या. आता त्यांचं दळण सकाळी नऊलाही चालतं.

गहू ऑक्टोबरपासून परत गिरणीत जातात. पहिल्यांदा डबा घेऊन गेले तेव्हा काकांनी वजन करता करता विचारलं, "काय ताई, घरची गिरणी बंद पडली?"

"नाही हो," म्हटलं, "ती ज्वारीवर चाललीय. तुम्ही गव्हावर टाका."