कुलाब्याचं कॅफे माँडेगर
रीगल सिनेमाजवळच्या या कॅफेत मेनूकार्डाआधी भिंती बघाव्यात. व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांनी चितारलेली माणसं भिंतभर दाटीवाटीनं बसलीत, आणि खाली गिऱ्हाईकंही तशीच! टेबलं खेटून, ज्यूकबॉक्स जोरात. निवांत गप्पा हव्यात तर शनिवारची रात्र टाळा, आडवारी दुपारी जा. बिअरचा पिचर चौघांत मागवा. दोघांत तो रेंगाळतो, कोमट होतो, गॅस उडून शेवटचा ग्लास पाणचट लागतो. सोबत तिखट, कोरडं काहीतरी घ्या. रश्श्याच्या वाट्यांना टेबलावर जागाच उरत नाही. बाकी मुंबईत कुठल्याही बारमध्ये बिल वाचायची सवय ठेवा: दारूवर जीएसटी नसतो, खाण्यावर असतो, सर्व्हिस चार्ज ऐच्छिक. बिअरसाठी वय २१, व्हिस्की-रमसाठी २५. कोवळा चेहरा असेल तर आधार कार्ड जवळ असू द्या.