आमच्या मंडळीची मनन पुस्तिका : आठ महिने वाचून झाल्यावर

गेल्या नोव्हेंबरात उपासना सुटल्यावर चर्चच्या दारातल्या टेबलावरून १५० रुपयांना घेतली होती ही पुस्तिका. आमच्या मंडळीतल्याच लोकांनी मिळून काढलीये, दिवसाला एक पान, ३० नोव्हेंबरला आगमनाचा, म्हणजे नाताळच्या आधीच्या चार आठवड्यांचा, पहिला रविवार होता तिथून सुरू. आता जुलै संपत आला, रोज नाही पण आठवड्यातले पाच दिवस तरी वाचलीये, आणि घोरपडी-वानवडीकडच्या बऱ्याच जणी विचारत होत्या कशी आहे म्हणून, तर एकदाच सगळं लिहून टाकते.

वर शास्त्रभाग, मग पंधरा-वीस ओळींचं मनन, खाली लिहायला चार रेघा. रविवारचे भाग चर्चमध्ये वाचतात त्याच तीन वर्षांच्या पत्रकातले, त्यात दर वर्षी एक शुभवर्तमान मुख्य असतं, म्हणजे यंदा मत्तयाचं वर्ष, आणि पानाच्या कडेला त्या त्या काळाच्या रंगाची पट्टी, आगमनाला आणि लेंटला (ईस्टरआधीचा उपवासकाळ) जांभळी, नाताळला पांढरी, पेन्टेकॉस्टला (ईस्टरनंतरचा पवित्र आत्म्याचा सण) लाल. माझ्या धाकटीला ही पट्टी फार आवडली, ती रविवारी वेदीवरचं कापड बघून पुस्तिकेशी जुळवून बघते.

सुरुवातीला मात्र मन लागलं नाही. आगमनातली बरीच पानं कुठूनतरी भाषांतर केलेली वाटतात, बाहेर बर्फ, शेकोटीजवळ आजी, असलं काय काय. आमच्या सासूबाई आगमनाच्या दर रविवारी एकेक लावायच्या चार मेणबत्त्यांचं सगळं मन लावून करतात, पण बर्फाचं वाचून त्या म्हणाल्या, हे आपलं नाही गं, पुढचं पान वाच.

पण लेंट सुरू झाला आणि पुस्तिका एकदम घरातली झाली. मत्तयाचं वर्ष असलं तरी या वर्षी लेंटमध्ये योहानाच्या शुभवर्तमानातले मोठे मोठे भाग येतात, आणि ८ मार्चला, तिसऱ्या रविवारी, विहिरीवर येशूला भेटलेल्या शोमरोनी बाईचा अध्याय होता. आमच्या सोसायटीत मार्चपासूनच टँकर, त्या दिवशी उपासनेहून आले तर बारा वाजता टँकर आलेला, मी आणि वॉचमनच्या बायकोने मिळून पाईप टाकीत सोडला आणि पाणी भरेपर्यंत मी तिथेच जिन्यात बसून पान वाचलं. ती बाई सहाव्या तासाला विहिरीवर येते, म्हणजे भर दुपारी बारा, ज्या वेळी गावातली दुसरी कुणी बाई पाण्याला येत नाही. मननाच्या शेवटी एकच प्रश्न होता, कुणी भेटू नये म्हणून तुम्ही कोणत्या वेळी पाण्याला जाता?

दिवाळीनंतर मिस्टरांची नोकरी गेली होती. तेव्हापासून मी फातिमानगरला भाजी आणायला दुपारी दोनला जायचे, कारण संध्याकाळी मंडळीतलं कुणीतरी भेटणार आणि विचारणार, मिळाली का गं कुठे? चांगल्या मनानेच विचारतात, पण मला उत्तर द्यायचा कंटाळा आला होता. मी हे कुणाला सांगितलं नव्हतं, मिस्टरांनाही नाही. जिन्यात बसून रडले मी. वॉचमनच्या बायकोने विचारलं काय झालं ताई, तर तिला सांगितलं सगळं, पाईप गळत होता तिकडे लक्षच नाही दोघींचं. त्या मंगळवारी संध्याकाळी सहाला भाजीला गेले.

हे पान मंडळीतल्या कुणीतरी बाईने लिहिलंय हे वाचताना कळतं, नाव कुठल्याच पानावर नाही. उत्तम शुक्रवारचंही (गुड फ्रायडे) तसंच, ३ एप्रिलला पुण्यातलं ऊन तुम्हाला माहितीये, तीन तासांची उपासना, पंखे गरम हवा फिरवतायत, आणि येशूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांमधला 'मला तहान लागली आहे' हा एकच घेऊन लिहिलंय, फक्त पाण्यावर, दुसरं काही नाही. त्या दिवशी आम्ही घरी येऊन गॅलरीत पक्ष्यांसाठी भांडं ठेवलं, ते अजून आहे.

एक गोष्ट मला खरंच लागली. यंदा ईस्टर ५ एप्रिलला आला. ५ एप्रिल हा पंडिता रमाबाईंच्या निधनाचा दिवस, १९२२ साली त्या केडगावला वारल्या, आपल्याच जिल्ह्यात. साध्या बायकांना वाचता यावं म्हणून ज्या बाईने हिब्रू-ग्रीक शिकून पवित्र शास्त्र सोप्या मराठीत आणलं, तिचा दिवस पुनरुत्थानाच्या दिवशीच आला आणि पुस्तिकेत त्याबद्दल एक ओळ नाही, परत ते वसंतातल्या फुलांचं भाषांतर. मी पाळकसाहेबांना हे बोलले, त्यांनी लिहून घेतलंय.

छपाईबद्दल थोडं. कागद पातळ, मागची शाई दिसते, अक्षर बारीक, आणि शिवण लेंट संपेपर्यंत सुटली, आमची आता रबरबँडमध्ये असते. वाचता येत नाही त्यांच्यासाठी व्हॉट्सॲपवर रोज ऑडिओ येतो, सासूबाई तोच ऐकतात, आवाज छान आहे पण कधी सकाळी सहाला येतो तर कधी थेट दुपारी.

आता पेन्टेकॉस्टनंतरचा लांब हिरवा काळ चालू आहे. मला वाटायचं या काळात काही सणच नाही, काय लिहिणार, पण सगळ्यात सरस पानं हीच आहेत, कारण वेदीवर हिरवं कापड येतं आणि इकडे पाऊस सुरू होतो, आणि लिहिणाऱ्यांना ते दिसलंय. १२ जुलैला येशूने सांगितलेला पेरणाऱ्याचा दाखला होता. सासरे राहुरीहून आलेले, मी मोठ्याने वाचलं तर म्हणाले, अगं तो फोकून पेरतोय, म्हणून वाटेवर, खडकावर, काट्यात सगळीकडे बी पडतं, आपण तिफणीने पेरतो, आपलं एवढं बाहेर जात नाही, पण त्याला पर्वा नाही बघ कुठं पडतंय त्याची. मी हे खालच्या चार रेघांवर लिहून ठेवलं. दुसऱ्या दिवशीच्या पानावर दुबार पेरणी होती, पाऊस दडी मारतो, उगवलेलं करपतं, आणि माणूस उसनवारी करून परत बियाणं आणतो. मिस्टरांनी ते पान दोनदा वाचलं. त्यांचं आता एका ठिकाणी बोलणं चालू आहे, पगार पहिल्यापेक्षा कमी आहे.

घ्यायची असेल तर यंदाच्या प्रती थोड्याच उरल्यात, टेबलावर विचारा. पुढची २९ नोव्हेंबरपासून, मार्काच्या वर्षाची, आणि त्यात भाषांतरं कमी करून मंडळीतल्यांकडूनच जास्त लिहून घेणार आहेत असं कळलं. मी तीन सांगून ठेवल्यात, एक आमची, एक राहुरीला, आणि एक वॉचमनच्या बायकोला, तिने स्वतःहून मागितली.