टेली-मानस १४४१६ : मोठ्या दुखण्याच्या घरात किती कामाची?

कॅन्सर, किडनी निकामी होणं, अर्धांगवायू असं दुखणं आलं की कोकणातलं घर परळला टाटा रुग्णालयात किंवा चिपळूणजवळ डेरवणच्या रुग्णालयात धावतं. शरीराचं बघणारे तिथे भेटतात. गावी परतल्यावर मात्र रात्री दोनला रुग्ण आढ्याकडे बघत पडलेला असतो, शेजारी बायको जागी असते आणि विचारायला कुणी नसतं. अशा वेळेसाठी टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी फोनसेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६, तो लागला नाही तर १८००-८९१-४४१६. मोफत, चोवीस तास. सेवा चांगली आहे, पण ती फक्त जीव द्यायला निघालेल्यांसाठी आहे अशी समजूत पसरलीय. तिचा सगळ्यात जास्त उपयोग होईल तो रुग्णाचं करणाऱ्या सुनेला, मुलीला, नवऱ्याला, आणि नेमके तेच फोन लावत नाहीत.

फोन लागला की आधी भाषा निवडायची. पहिल्या पायरीवर प्रशिक्षित समुपदेशक बोलतात. गरज वाटली तर ते मानसोपचारतज्ज्ञाकडे जोडून देतात किंवा जवळच्या सरकारी रुग्णालयाकडे पाठवतात. आपल्याकडे 'रत्नागिरीला नेलं', म्हणजे तिथल्या मनोरुग्णालयात नेलं, म्हटलं की गावभर चर्चा होते. त्या धास्तीने डॉक्टर टाळणाऱ्यांना निदान घरबसल्या सुरुवात करता येते.

फोनआधी एका कागदावर लिहून घ्या: दुखणं कोणतं, चालू गोळ्या कोणत्या, गेल्या दोन आठवड्यांत झोप आणि जेवण कसं आहे, आणि आजाराचं नाव घरात कुणाकुणाला ठाऊक आहे. शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा, कारण आपल्याकडे 'बाबांना सांगू नका' हे ठरलेलं असतं. बाबांना बहुतेक वेळा कळलेलं असतं. तेही घरच्यांसाठी गप्प राहतात आणि दोन्ही बाजू एकाच घरात एकेकट्या झुरतात. समुपदेशकाला नुसतं 'खूप टेन्शन आहे' न म्हणता 'हे बोलायला सुरुवात कशी करू' असं नेमकं विचारा. रुग्णाला आधी 'डॉक्टर काय म्हणाले असं तुम्हाला वाटतं?' एवढं विचारायचं आणि गप्प बसायचं. पुढे किती सांगायचं ते त्यांच्या उत्तरावर ठरतं. जास्त ऐकायचं नसेल तर तेही ते सांगतात.

पडवीत स्पीकर लावून बोलू नका. सड्यावर किंवा एसटी स्टॉपवरच रेंज मिळत असेल तर तिथे जाऊन बोललेलं बरं. रुग्णाच्या कानावर अर्धवट वाक्यं पडली की तो उरलेलं मनानेच भरून घेतो.

मर्यादाही आहेत. पुढच्या वेळी तोच समुपदेशक मिळेल याची खात्री नाही, म्हणून तो कागद जपून ठेवा. मालवणीतच मन मोकळं करणाऱ्या आजीला प्रमाण मराठीत बोलणं जड जातं. तिच्यासोबत बसून बोला. मॉर्फिनसारखी अमली पदार्थ कायद्यातली औषधं फोनवरून लिहून देता येत नाहीत. वेदना आवरलेली नसेल तर कुठलंही समुपदेशन टिकत नाही, तेव्हा आधी वेदनेचा डॉक्टर.

आणि एक गफलत हमखास होते. रुग्ण अचानक बरळायला लागला, माणसं ओळखेना, दिवसा गुंगी आणि रात्री तळमळ सुरू झाली, तर ते नैराश्य नव्हे आणि करणीही नव्हे. जंतुसंसर्ग, रक्तातलं सोडियम उतरणं, लघवी तुंबणं, औषधाचा डोस जास्त होणं अशी कारणं त्यामागे असतात. काही तासांत डॉक्टर गाठा, गरज पडली तर १०८. देवळात कौल लावायचा, गाऱ्हाणं घालायचं तर खुशाल घाला. गोळ्या मात्र थांबवू नका. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे जातात, आणि आठवड्यात फरक नाही म्हणून त्या सोडणं ही दुसरी नेहमीची चूक.

'आता माझा भार नको' असं कुणी पुन्हा पुन्हा म्हणत असेल तर 'मरून जावं असं मनात येतं का?' हे थेट विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर हो आलं तर माणसाला एकटं सोडू नका, त्याच क्षणी फोन लावा आणि आंबा-काजूच्या फवारणीची औषधं घरातून हलवा, शेजारच्या घरी कुलपात ठेवली तरी चालतील. कोकणातल्या घरांत ती मागीलदारी उघडीच पडलेली असतात.

माणूस गेल्यावर तेराव्यापर्यंत घर भरलेलं असतं. मग चाकरमानी मुंबईची गाडी पकडतात आणि मागे एकटी आई उरते. १४४१६ तिच्या मोबाइलमध्ये तेव्हाच सेव्ह करून द्या, आणि पहिला फोन मुलाने किंवा मुलीने मुंबईला निघण्यापूर्वी शेजारी बसून लावून द्यावा. रडणं, गेलेल्या माणसाचा आवाज ऐकू आल्यासारखं वाटणं हे दुःखात होतंच. सहा महिने उलटूनही रोजचं खाणंपिणं, माणसांत जाणं सुरू होत नसेल, तर 'वय झालंय' म्हणून सोडून न देता तज्ज्ञाकडे जोडून द्यायला सांगा.