मॅगझीनवाली पीसीपी एअर रायफल : तिन्ही ऋतू वापरल्यावर

आधी निकाल सांगतो, मग कारणं. पीसीपी, म्हणजे आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी ही रायफल चांगली आहे, घ्यावी. पण लिव्हर अडकते, छर्रा नीट चढत नाही, वेग कमी-जास्त होतो म्हणून कोणी स्प्रिंग बदलायला किंवा ट्रिगर उघडायला सांगितलं तर ऐकू नका. माझ्या अनुभवात या तक्रारींचं मूळ जवळजवळ दरवेळी मॅगझीन, छर्रे, धूळ आणि ओ-रिंग (हवा अडवणारी रबरी कडी) यांतच निघालं, आणि ते घरच्या घरी, रायफलीच्या पोटात हात न घालता सुटलं.

माझी .१७७ बोअरची आहे, म्हणजे ४.५ मिमी. सिलिंडरमध्ये २०० बारपर्यंत (बार हे दाबाचं माप) हवा, बाजूला लिव्हर, छर्रे भरायच्या फिरत्या चकतीचं मॅगझीन. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे जे आहे ते या घडणीच्या बहुतेक रायफलींना लागू पडतं. राहणं यवतमाळ जिल्ह्यात. वावराच्या एका कडेला मातीचा उंच बांध आहे, मागे पायवाट नाही, तिथेच निशाणी लावतो. २०२४ ला पॅरिसमध्ये स्वप्नील कुसळेनं कांस्य आणलं तेव्हापासून गावातली पोरं विचारायला येतात. त्याचा प्रकार ५० मीटरचा, .२२ रायफलीचा, त्याला परवाना लागतो. सुरुवात करायला १० मीटर आणि एअर रायफल हाच रस्ता आहे.

दिवाळीपर्यंत काहीच त्रास नव्हता. कापूस घरात यायला लागला आणि लिव्हर पुढे ढकलताना अडकायला लागली. मॅगझीनचं पारदर्शक झाकण काढून पाहिलं तर चकतीच्या खोबणीत कापसाचे बारीक तंतू आणि शिशाची काळी भुकटी यांचा लगदा बसला होता. चकती पूर्ण फिरत नव्हती, म्हणून छर्रा बॅरलच्या तोंडासमोर न येता किंचित बाजूला थांबत होता. लिव्हरचा प्रोब, म्हणजे छर्रा बॅरलमध्ये ढकलणारी दांडी, त्याच्या कडेवर बसायचा आणि छर्ऱ्याचा घागरा, म्हणजे मागचा पोकळ भाग, दबायचा. मऊ दातांच्या जुन्या ब्रशनं ते साफ केलं, कोरड्या फडक्यानं पुसलं. तेल लावलं नाही. मॅगझीनला तेल लावलं की आमच्याकडची धूळ त्याला चिकटूनच बसते. तेव्हापासून मॅगझीन झिपच्या पिशवीत ठेवतो आणि हातपंपानं हवाही कापसाच्या ढिगापासून लांब, पडवीत भरतो. पंपाच्या खालच्या फिल्टरमध्ये तंतू गेले तर तेच पुढे व्हॉल्व्हपर्यंत जातात.

छर्ऱ्यांबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण इथे लोक पैसे वाचवतात आणि मग रायफलीला नावं ठेवतात. डब्यावर डोक्याचा व्यास ४.५०, ४.५१, ४.५२ असा लिहिलेला असतो. फरक केसाएवढा वाटतो, पण माझ्या बॅरलला ४.५२ चे छर्रे घट्ट होतात आणि लिव्हरला जोर लागतो; ४.५१ चे अलगद बसतात. प्रत्येक बॅरलची आवड वेगळी, तेव्हा छोटे डबे घेऊन आधी पारखा. गोल डोक्याचे सगळ्यांत सुरळीत चढतात. टोकदार आणि डोक्यात खड्डा असलेले मॅगझीनमध्ये कडेला अडकतात. घागरा चेपलेला दिसला की तो छर्रा बाजूला टाका, आणि मातीत पडलेला पुन्हा भरूच नका, वाळूचा एक कण बॅरलमधून ओरखडा काढत जातो. शिसं हाताला लागतं. भरून झालं की साबणानं हात धुतल्याशिवाय चहाच्या कपालाही हात लावायचा नाही. पोरांना मी हे सगळ्यात आधी शिकवतो.

लिव्हर पूर्ण मागे, पूर्ण पुढे. अर्धवट ओढली तर चकती सरकत नाही. आणि एकदा चढवून, न झाडता पुन्हा लिव्हर मारली तर दुसरा छर्रा पहिल्याच्या मागे जाऊन बसतो. शंका आली की मॅगझीन काढायचं, नळी बांधाकडे धरून झाडायचं, आणि मगच पुढे जायचं.

वेग कमी-जास्त व्हायला लागला तेव्हा क्रोनोग्राफ, म्हणजे छर्ऱ्याचा वेग मोजायचं यंत्र, लावला. एरवी सेकंदाला २४५ मीटरच्या आसपास येणारा छर्रा मध्येच बराच खाली यायचा. झाडताना ब्रीचजवळ, म्हणजे छर्रा जिथून बॅरलमध्ये शिरतो तिथे, पातळ कागदाची पट्टी टेपनं चिकटवली, ती फडफडली. म्हणजे प्रोबवरच्या ओ-रिंगमधून हवा मागे येत होती. ती रिंग बाहेरच असते, काहीही उघडावं लागत नाही. फक्त रायफल रिकामी आहे हे दोनदा पाहायचं. मापं कंपनीच्या पुस्तिकेत आहेत. नायट्राइल रबराची, त्याच मापाची रिंग घातली, वरून सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात दिला आणि वेग जागेवर आला. इथे एक गोष्ट जीव तोडून सांगतो : जिथे दाबाखालची हवा जाते तिथे गाडीचं ऑइल, शिलाई मशीनचं तेल, साधं ग्रीस काहीही चालत नाही. जास्त दाबाच्या हवेत ते पेट घेऊ शकतं. तसंच सिलिंडर भरलेला असताना कुठलाही मोठा जोड सैल करायचा नाही. आतल्या व्हॉल्व्हचं काम निघालं तर रायफल कंपनीकडेच पाठवायची.

आपल्या हवामानाचा हिशेब पुस्तिकेत नसतो. थंडीत दुपारी २८ अंशांना २०० बार भरली आणि पहाटे पारा १० वर गेला, तर गेज १८८ च्या जवळ दाखवतं. ती गळती नव्हे, गार हवेचा दाब उतरलेला असतो. ऊन चढलं की काटा परत येतो. उलट नवतपात २५ अंशांच्या खोलीत २०० भरून ४५ अंशांच्या उन्हात नेली तर दाब २१३ च्या पुढे जातो. म्हणून एप्रिलपासून मी १८० च्या वर भरतच नाही आणि बंद गाडीत रायफल ठेवत नाही. खरी गळती शोधायची तर साबणाचं पाणी जोडांवर लावा, बुडबुडे दिसतात. पावसाळ्यात दमट हवा दाबली की पंपात पाणी जमतं. थोडं मारून थांबायचं, पाणी आणि दाब बाहेर सोडणारा ब्लीड व्हॉल्व्ह उघडायचा, पंप निवू द्यायचा, मग पुढे.

आमच्या शेजारचे काका भेटले की म्हणतात, "मास्तर, थे स्प्रिंग कडक टाका न, डुकराले पाडन." रोही (नीलगाय) आणि रानडुकरांनी वावर उजाड होतं, त्यांचं दुःख मला कळतं. पण हवेच्या व्हॉल्व्हवर आदळणाऱ्या हातोडीची स्प्रिंग कडक केली की वेग वाढतो, आणि ०.५४७ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला २७० मीटरवर गेला की २० ज्यूल होतात. परवान्याशिवायची मर्यादा तिथे संपते. शिवाय जनावर या छर्ऱ्यानं मरत नाही, जखम घेऊन सडतं, आणि १९७२ चा वन्यजीव कायदा आहेच. पाखरांवरही नाही. इंटरनेटवर परदेशातली माणसं सेमी-ऑटो (पुढची गोळी आपोआप चढणाऱ्या) बंदुकांचे भाग घरी घासताना दिसतात. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानं बंदुकीची दुरुस्ती आणि फेरफार हे परवानाधारक कारागिराचं काम आहे. ज्यांच्याकडे परवान्याची बंदूक आहे त्यांनी ती त्याच्याकडेच न्यावी.

तक्रारी दोन. हातपंप दमवतो, साठीच्या पुढच्या माणसाला मी नळी खाली वाकवून भरायची स्प्रिंगवाली एअरगन सुचवेन. दुसरी, उन्हाळ्यात लाकडी दस्त्याचे स्क्रू सैल होतात आणि निशाणी सरकते, तेव्हा स्कोपला हात लावण्याआधी ते स्क्रू तपासा. बॅरल साफ केल्यावरचे पहिले काही छर्रेही विखुरतात, त्यावरून स्कोप फिरवू नका.

ओ-रिंगचा जादा संच आणि एक दुसरं मॅगझीन रायफलीसोबतच मागवा. पावसाळ्यात नाल्याला पूर आला की आमच्या गावात कुरिअर पोचत नाही.